भिगवणचे रोहित पक्षी आणि माझी पहिली छायाचित्रे

प्रश्न:
नमस्कार. जानेवारीत भिगवणला, उजनी जलाशयात नावेतून काढलेली रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, चार छायाचित्रे सोबत देत आहे. कॅमेरा घेऊन तीनच महिने झाल्याने ती दाखवताना संकोच वाटतो. उडणारे पक्षी पुसट आले आहेत आणि सकाळच्या चकाकत्या पाण्यातला थवा काळसर दिसतो. माझे काय चुकले?

उत्तर १:
संकोच सोडा. तिसऱ्या छायाचित्रात एकाच दिशेला वळलेल्या माना तुम्ही नेमक्या क्षणी टिपल्या आहेत, आणि ती नजर लेन्सबरोबर विकत मिळत नाही. चित्राच्या माहितीत शटरचा वेग, म्हणजे ते उघडे राहण्याचा वेळ, १/२५० सेकंद दिसतो. नाव हलते, पंखही हलतात. उडत्या पक्ष्यांसाठी तो १/१६०० च्या आसपास ठेवा आणि त्यापायी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ८०० किंवा १६०० करावा लागला तरी बिचकू नका, कारण त्याने चित्रात येणारे थोडे दाणेदार ठिपके खपून जातात, हललेले चित्र मात्र सुधारत नाही.

उत्तर २:
कॅमेऱ्याचा प्रकाशमापक दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे धरून चालतो, त्यामुळे चकाकत्या पाण्याला भुलून तो पक्ष्यांना अंधारात ढकलतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मापकाने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय, +१ करून पाहा. सूर्य पाठीशी येईल अशी नाव वळवायला नावाड्याला सांगा, पण ती आणखी जवळ नेण्याचा आग्रह धरू नका. थवा उठला की त्याचे चरणे थांबते.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. दुसऱ्या छायाचित्रात क्षितिज डावीकडे कलले आहे, हे कोणीच सांगितले नाही, म्हणून मीच कबूल करतो.