मदत हवी आहे: समोरच्या जुन्या सरकारी क्वार्टर्सच्या जागी नवी वसाहत येतेय, हरकती-सूचनांत नेमकं काय लिहू? (ठाणे पूर्व)

कोपरीची_रहिवासी:

नमस्कार मंडळी, लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

आम्ही ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो, खाडीच्या अंगाला. रस्ता ओलांडला की समोर जुनी सरकारी क्वार्टर्स आहेत, म्हणजे होती म्हणायला हवं, गेली सहा-सात वर्षं तिथे कोणी राहत नाही, खिडक्यांचे गज आणि नळ भुरट्यांनी कधीच नेले. दोन मजली आठ इमारती, एका जिन्यावर १९६४ ची पाटी अजून वाचता येते. मधे मैदान, कठड्याची विहीर आणि झाडं. झाडं म्हणजे कुंडीतली नव्हेत, चिंच, जांभूळ, पर्जन्यवृक्ष आणि एक उंबर, ज्याने मागची कंपाउंडची भिंत अर्धी गिळलीये. माझा मुलगा तिथेच सायकल शिकला (वॉचमन काकांच्या कृपेने).

गेल्या आठवड्यात पेपरात नोटीस आली की या जागेवरचं कर्मचारी निवासाचं आरक्षण काढून ती रहिवास विभागात घ्यायची आहे, हरकती-सूचना एका महिन्यात द्या. आता अठरा दिवस राहिलेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दीड तास चर्चा झाली, त्यातला सव्वा तास आपल्याला पार्किंग मिळेल का यावरच. सेक्रेटरींचं म्हणणं, सरकारचा प्लॉट आहे, टॉवर येणारच, आपण लिहून काय होणार.

मला टॉवरला विरोध करायचा नाहीये. घरं व्हायलाच हवीत. पण जागा सरकारची आहे तर तिथे जरा शहाण्यासारखी वसाहत होऊ शकत नाही का, झाडं ठेवून, पाणी मुरवून, गाड्या कमी ठेवून? आत्ताच जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की आमच्या तळमजल्यावर घोटाभर पाणी येतं, उद्या समोरचं मैदानही काँक्रीटचं झालं तर ते पाणी कुठे जाणार? पण अर्जात "पर्यावरणाचा विचार व्हावा" असं लिहिलं तर तो केराच्या टोपलीत जाईल हेही कळतं. जाणकारांनी सांगा, काय मागू आणि कसं मागू.

निवृत्त_ओव्हरसियर:

ताई, पहिलं काम हे की नोटीस कुठल्या कलमाखाली आहे ते बघा. आरक्षण बदलायचं आहे म्हणजे बहुतेक महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ३७ असणार. तसं असेल तर हा महिना वाया घालवू नका, कारण पुढे विचारायला कोणी येणार नाही. लोकांना वाटतं मोठा प्रोजेक्ट आहे तर पर्यावरण मंजुरीच्या वेळी जनसुनावणी होईल, तिथे बोलू. नाही होत. २० हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम गेलं की मंजुरी लागते खरी, पण २००६ च्या अधिसूचनेत इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. माझ्या नोकरीत कितीतरी लोक ओसीच्या (बांधून झाल्यावरच्या भोगवटा दाखल्याच्या) वेळी भांडायला आलेले पाहिलेत, तेव्हा आमच्याही हातात काही उरलेलं नसायचं.

दुसरं, एकच मजकूर झेरॉक्स करून दोनशे सह्या घेऊ नका, तो एकच अर्ज धरला जातो. वीस जणांनी आपापल्या शब्दांत एकेक मुद्दा लिहा, शेवटी "मला प्रत्यक्ष सुनावणी हवी" हे वाक्य टाका आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का तारखेसकट घ्या. शिक्का न घेता आलात तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

सोमवारवाला:

कागद बघितलेत का आधी? माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून अर्ज करता येईल पण उत्तराला ३० दिवस, तोवर तुमची मुदत गेली. त्यापेक्षा सोमवारी दुपारी ३ ते ५ मध्ये पालिकेत जाऊन फाइल बघायला मागा, २०१८ चा शासन निर्णय आहे, त्या वेळात अर्ज न करता रेकॉर्ड बघू द्यायला हवं. साहेब मीटिंगला गेलेत हे उत्तर मिळेल, बसून राहा. जागेचा मोजणी नकाशा, झाडांची यादी असली तर ती, आणि आरक्षण का काढतायत त्याचा प्रस्ताव, हे तीन कागद.

गल्लीतला_विरोधक:

मला एक कळत नाही, स्वतःची बिल्डिंग झाली की सगळ्यांना समोरच्या प्लॉटवर जंगल का हवं असतं? तुमच्या सोसायटीच्या जागेवर पण कधीतरी मिठागर नाहीतर शेतच असेल ना. भाड्याच्या वन आरकेत चार माणसं राहतात कोपरीत, त्यांना विचारा चिंच पाहिजे की घर.

कोपरीची_रहिवासी:

लागलं, पण खोटं नाही म्हणता येत. मीटिंगमध्येही दोघं-तिघं "छोटी घरं नकोत, एरिया खराब होतो" असं बोलले आणि मी गप्प बसले, ते मलाच खटकतंय. म्हणून तर विरोध नाही, सूचना द्यायचीये.

निवृत्त_ओव्हरसियर:

विरोधकाचा मुद्दा अर्जात पहिला टाका, उपरोधाने म्हणत नाहीये. प्लॉट चार हजार चौरस मीटर किंवा मोठा असेल तर ठाण्यासारख्या दहा लाखांवरच्या शहरात सध्याच्या नियमावलीप्रमाणे २० टक्के लहान घरं द्यावीच लागतात. सरकारी जागेवर त्याहून जास्त मागा आणि ती याच प्लॉटवर मागा. जो शेजारी आधी घरं मागतो त्याचं झाडांबद्दलचं म्हणणंही ऐकून घेतात.

टेपवाली:

झाडांसाठी: मोजा. प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर, जागा, फोटो. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज मानतात आणि तोडलंच तर झाडाचं वय जितकं तितकी नवीन झाडं लावावी लागतात. तुमची पाटी १९६४ ची आहे, वसाहतीबरोबर लावलेली झाडं साठीच्या पुढे गेली! पण त्या नव्या रोपांवर भुलू नका हो, ती कुठेतरी डोंगरावर लावतात आणि मे महिन्यात वाळतात. अर्जात असं मागा की झाडांच्या जागा आधी नकाशावर येऊ देत, मग इमारतींच्या. २०१८ ला दिल्लीत सरोजिनीनगर वगैरे सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासात हजारो झाडं जाणार होती, लोक रस्त्यावर आले, हायकोर्टाने तोड थांबवली आणि मग डिझाइन पुन्हा बघायची वेळ आली. तेच आधी केलं असतं तर!

सध्या_जर्मनीत:

मी काही वर्षं फ्रायबर्गला होतो, तिथे वोबाँ नावाची वस्ती आहे, तुमच्यासारखीच केस, फ्रेंच सैन्याची छावणी होती, १९९२ ला सैन्य गेलं आणि त्या सुमारे ३८ हेक्टर जागेतली बहुतेक नगरपालिकेने घेतली. जुनी मोठी झाडं ठेवून आखणी केली, पावसाचं पाणी उघड्या चरांतून मुरवतात, गाड्या वस्तीच्या कडेला बहुमजली पार्किंगमध्ये, ज्याच्याकडे गाडी नाही तो तसं लिहून देतो आणि पार्किंगच्या खर्चातून सुटतो. ट्राम २००६ ला थेट आत आली.

पण लोक सौर पॅनेलचे फोटो काढून परत येतात आणि खरी गोष्ट राहते. पालिकेने जागा एका बिल्डरला न देता लहान तुकडे पाडले आणि बरेचसे कुटुंबांच्या गटांना विकले, दहा-पंधरा घरांनी मिळून आर्किटेक्ट नेमायचा आणि आपली बिल्डिंग बांधायची. अटी विक्रीच्या करारातच होत्या. तेव्हा ताई, सोलर बिलर नंतर, आधी जागा कशी जाणार ते विचारा. आठही इमारतींची जागा एका टेंडरमध्ये गेली तर आत काय करायचं ते एकच माणूस ठरवणार.

बेलापूरकर:

एवढं लांब कशाला, बेलापूरला आमच्या आर्टिस्ट व्हिलेजला या रविवारी. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी केलेली वसाहत, साधारण सात घरांना मिळून एक अंगण, आणि भिंतीला भिंत नाही त्यामुळे ज्याला जसे पैसे जमतील तसं घर वाढवता येतं. टॉवरशिवायही दाटीने राहता येतं हे बघायला मिळेल. आता खरं पण सांगतो, कितीतरी जणांनी मूळ घर पाडून तीन मजले चढवलेत आणि अंगणात गाड्या उभ्या असतात. अंगण सगळ्यांचं म्हणजे सांभाळणार कोण, हे पहिल्या दिवशी ठरवा.

निवृत्त_ओव्हरसियर:

जर्मनीवाल्यांचं बरोबर आहे, फक्त चर खणून पाणी मुरवायचं ते कोपरीत सगळीकडे चालणार नाही. खाडी जवळ, पावसाळ्यात जमिनीतलं पाणी आधीच वर आलेलं असतं, भरतीला तर विचारूच नका. तिथे साठवण टाकी हवी, पाऊस पडत असताना पाणी अडवायचं आणि ओहोटीला सोडायचं. हिशोब सोपा, एक चौरस मीटर गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर. हजार चौरस मीटरची गच्ची असेल तर एका झोडपणाऱ्या दिवसात लाख लिटर, ते आत्ता तुमच्या तळमजल्याकडे येतं. विहीर बुजवू नका हे वेगळं लिहा, बागेला आणि फ्लशला कामी येईल.

आणि मोकळी जागा "जमिनीवर, खाली तळघर न करता" असे शब्द वापरा. नाहीतर पोडियमवर (म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या स्लॅबवर) दोन फूट माती टाकून त्यालाच बाग म्हणतात, त्यात चिंच काय उभी राहणार? मुंबईच्या नियमांबाबत सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय की मनोरंजनाची मोकळी जागा पोडियमवर नको, जमिनीवर हवी. एसटीपीसाठी (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटसाठी) किमान पाच वर्षं बांधणाऱ्यानेच चालवायची अट मागा, कारण ताबा दिल्यावर सोसायटीला लाइट बिल दिसतं आणि प्लांटला कुलूप लागतं.

कोपरीची_रहिवासी:

सगळ्यांचे खूप आभार, एवढी अपेक्षा नव्हती. अपडेट देते. सोमवारी गेले, साहेब मीटिंगलाच होते 😀 पण चारला आले. मोजणी नकाशा बघायला मिळाला, त्यात विहीर आहे पण झाडं एकही नाही. यादी केलीच नाहीये म्हणाले.

मग काल मुलगा, मी आणि वॉचमन काका मोजायला बसलो. बाहेरून दिसणारी आणि काकांनी आत जाऊन मोजलेली मिळून ६१ झाली, चिंचेला शिवणकामाचा टेप पुरला नाही, पडद्याची दोरी बांधून मोजली. आता सतरा जण लिहायला तयार आहेत, सेक्रेटरी पण (त्यांनी पार्किंगचा मुद्दा घेतलाय, पण वस्तीच्या कडेला एकत्र पार्किंग असा, एवढं पटवलं). लहान घरांचा अर्ज मी माझ्या नावाने देतेय.

एकच राहिलं. जागा तुकड्यांत द्या ही सूचना आरक्षण बदलाच्या नोटिशीत बसते का, की ती जागा ज्या खात्याची आहे तिकडे वेगळी द्यायची? ओव्हरसियर काका, बघाल का?

निवृत्त_ओव्हरसियर:

दोन्हीकडे द्या. पालिकेच्या अर्जात "फेरबदल मंजूर करताना ही अट घालावी" असं लिहा आणि त्याचीच प्रत खात्याला, दोन्हीकडे शिक्का घ्या. उंबर त्या ६१ मध्ये धरलाय ना? भिंतीतला आहे म्हणून सोडून देतात.