सँ-लुई पोरांच्या टीमवरून एनएचएलमध्ये (आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग) कोच झाला, हे जमलं कसं?

लावलकर_बाबा:
आमचं पोरगं दहा वर्षांचं. सप्टेंबरच्या निवडीत कोचनं "अंगानं फारच लहान" म्हणून खालच्या टीममध्ये टाकलं. तेव्हापासून घरात एकच नाव, मार्तँ सँ-लुई. तोही मॉन्ट्रियलशेजारच्या आमच्या लावलचाच, उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. खेळाडू म्हणून मोठाच, वाद नाही. पण फेब्रुवारी 2022 मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्स टीमनं त्याला हेड कोच केलं, तोवर तो स्वतःच्या मुलांच्या टीमना शिकवत होता म्हणे! इकडे ग्रेट्स्की, एवढा दिग्गज खेळाडू, फिनिक्सला चार सीझन कोच होता, एकदाही प्लेऑफ (कपसाठीची बाद फेरी) नाही.

टँपाचा_जुना_भक्त:
माझं मत सांगतो. ग्रेट्स्कीला जे आपसूक दिसायचं, ते सँ-लुईला शोधून काढावं लागलं, म्हणून त्याला ते समजावून सांगता येतं. ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तिथे) सँ-लुईला कुणी घेतला नाही. 2000 मध्ये कॅल्गरीच्या टीमनं सोडला, आमच्या टँपानं उचलला. 2004 च्या स्टॅनले कपच्या फायनलला समोर कोण? कॅल्गरीच! ते 3-2 नं पुढे, सहावी मॅच त्यांच्याच रिंकवर. दुसऱ्या ओव्हरटाइमच्या 33 व्या सेकंदाला यानं गोल घातला. सातवी घरी जिंकलो. (अजून अंगावर काटा येतो.) 2013 मध्ये, 37 व्या वर्षी, लीगमध्ये पुन्हा सगळ्यात जास्त पॉइंट्स (गोल अधिक गोलला केलेली मदत) याचेच.

रात्रपाळी:
मधे सँ-लुई कोलंबसच्या टीमचा पॉवर प्लेसाठी (समोरचा खेळाडू पेनल्टीत बसलेला असतानाचा खेळ) सल्लागारही होता हं. पण मला ब्रिंडामोरचा रस्ता जास्त पटतो. 2006 ला कॅरोलायनाचा कप जिंकणारा कॅप्टन, 2011 पासून सात वर्षं असिस्टंट, मग 2018 ला हेड कोच. सँ-लुई आला तो सीझन मॉन्ट्रियलनं तळालाच संपवला. फक्त तिथल्या कोल कॉफिल्ड या खेळाडूचं मानावं लागेल: आधीच्या 30 मॅचमध्ये 1 गोल, हा आल्यावर 37 मध्ये 22. तोही बुटकाच.

लावलकर_बाबा:
आकडा पोराला सांगितला. तो विचारतोय, "मग आधी का नाही मारले?"

रात्रपाळी:
ते कॉफिल्डलाच विचारा. पण त्याच सीझनला त्यालाही खाली पाठवलं होतं. कुठे माहितीये? तुमच्या लावलच्या रॉकेटमध्ये, म्हणजे कॅनेडियन्सच्या खालच्या टीममध्ये.

लावलकर_बाबा:
अरेच्चा! शनिवारी सहाला प्रॅक्टिस आहे, गाडीत सांगतो. आत्ता सांगितलं तर झोपायचा नाही.