चेस्टर नसलेलं लिंकिन पार्क : दोन गाण्यांत निकाल लावणाऱ्यांना उत्तर

पॉवरकॉर्ड

लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ मध्ये गेला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँग या नव्या गायिकेसह त्यांचा 'फ्रॉम झीरो' हा अल्बम आला. तो येऊन आठवडा झाला आणि परवा आपल्याच ग्रुपमधल्या एकाने लिहिलं : "चेस्टर गेला तिथेच लिंकिन पार्क संपलं. हे मेलेल्या माणसाच्या नावावर चालवलेलं दुकान आहे. ती एमिली आर्मस्ट्राँग चेस्टरची नक्कल करते, तीही बेसूर. दोन गाणी ऐकली आणि बंद केलं." त्याखाली बदामांचा पाऊस. उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

दोन गाणी ऐकून बंद केलं म्हणजे नेमकं काय ऐकलं? अल्बम आहे जेमतेम बत्तीस मिनिटांचा. पहिला ट्रॅक तर गाणंच नाही, वीस-बावीस सेकंदांचा तुकडा आहे. म्हणजे भाऊंनी धड एक गाणं ऐकून पंचवीस वर्षांच्या बँडचं तेरावं घातलं.

त्या एका गाण्याबद्दलच बोलू. 'द एम्प्टीनेस मशीन'मध्ये पहिलं कडवं बँडचा जुना रॅपर-गायक माइक शिनोडा गातो, पहिलं धृपदही तोच गातो. एमिली येते ती दुसऱ्या कडव्याला. तोवर आपण तिची वाट बघत बसलेलो असतो. ती आल्यावर तेच धृपद पुन्हा येतं आणि चाल तीच असून गाणं दुप्पट जड होतं. सात वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागेवर नवा माणूस कसा आणावा, याचा एवढा विचार करणाऱ्यांना दुकानदार म्हणू नये.

नक्कल म्हणणाऱ्यांनी तिच्या जुन्या बँडचा, डेड साराचा, २०१२ चा पहिला अल्बम काढून ऐकावा. ती तेव्हाही अशीच ओरडत होती. आणि सगळे सोयीस्करपणे विसरतात ती गोष्ट : चेस्टरसुद्धा या बँडचा पहिला गायक नव्हता. बँडचं नाव झीरो होतं तेव्हा मार्क वेकफिल्ड गायचा. तो बँड सोडून गेल्यावर १९९९ मध्ये ॲरिझोनाहून चेस्टर आला. अल्बमचं नाव तिथूनच आलंय.

अल्बम निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. 'ओव्हरफ्लो' आणि 'स्टेन्ड' मधे येऊन गाडी ढिली करतात. पण 'कॅज्युअल्टी' ऐका, 'टू फेस्ड'मध्ये बँडचा डीजे जो हान याचं स्क्रॅचिंग (रेकॉर्ड घासून काढलेला आवाज) ऐका, मग बोला.

कऱ्हाडचा बेस

ते लिहिणारा मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं, मी पळून जाणाऱ्यातला नाही.

काल रात्री अख्खा अल्बम ऐकला. मत तेच आहे, फक्त आता कारणं जास्त आहेत. बाई बेसूर नाही, तो शब्द मागे घेतो. प्रश्न नावाचा आहे. १९८० मध्ये गायक इयन कर्टिस गेला तेव्हा जॉय डिव्हिजनच्या पोरांनी नाव खाली ठेवलं आणि न्यू ऑर्डर म्हणून नव्याने सुरुवात केली. तेच लोक, तीच वाद्यं, पण नाव नवीन. याला म्हणतात मान राखणं. इथे काय झालं? नाव तेच, लोगो तोच, मैफलीत चेस्टरचीच गाणी, आणि ड्रमर रॉब बॉर्डन तर परत आलाच नाही. मग उरलं काय?

आणि चेस्टर पहिला गायक नव्हता हा मुद्दा पाठ केल्यासारखा सगळीकडे फिरतोय. वेकफिल्डचा आवाज जगाने ऐकला होता का? 'हायब्रिड थिअरी' हा पहिला अल्बम कोणाच्या गळ्यातून आला?

निशिगंध

"बाई बेसूर नाही, शब्द मागे घेतो." आभार. पण मुळात तो शब्द आला कुठून ते सांगते. मी पुण्यात मेटल बँडमध्ये पाच वर्षं गायले. दर कार्यक्रमानंतर कोणीतरी येऊन म्हणायचंच, "छान गातेस, पण ओरडतेस कशाला?" आमचा गिटारिस्ट ओरडला की ते 'स्क्रीम', मी ओरडले की घसा खराब होईल ही काळजी. पुरुषांचे घसे काय पितळेचे असतात?

'हेवी इज द क्राउन'मधला तो लांबच लांब स्क्रीम ज्यांना सोपा वाटतो त्यांनी घरी करून बघावा. पहिल्या चार सेकंदांत श्वास संपतो आणि खोकला येतो. श्वास पोटातून धरून, गळा मोकळा ठेवून तो आवाज शेवटपर्यंत एकाच जाडीचा ठेवणं ही तालीम आहे, चीड नाही. चेस्टरचा 'गिव्हन अप'मधला सतरा सेकंदांचा स्क्रीम दंतकथा, आणि हिचा बेसूर. व्वा.

रंगभवन८९

तुम्हा सगळ्यांचं चालू द्या. मी नू-मेटलला, म्हणजे या रॅप-मेटलच्या मिसळीला, कधी रॉक मानलं नाही, त्यामुळे गायक कोण याने मला फरक पडत नाही. पण मुलाने हेडफोन दिला म्हणून ऐकलं. सगळं एका पातळीवर दाबून ठेवलंय. ड्रम, गिटार, आवाज, सगळे एकमेकांच्या खांद्यावर बसलेत. हळू आवाज नावाची गोष्टच नाही, मग मोठा आवाज मोठा वाटणार कसा? मेटॅलिकाने २००८ ला 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये हेच केलं. लोकांना व्हिडिओ गेममधली आवृत्ती सीडीपेक्षा बरी वाटली. तेव्हापासून कोणी काही शिकलेलं नाही.

आम्ही मुंबईत धोबीतलावला रंगभवनात उघड्यावर आय-रॉक हा रॉक महोत्सव ऐकलाय. अँप जुने, वायरी तुटक्या, तरी ड्रम छातीत लागायचा. ते खुलं नाट्यगृह शांतता क्षेत्रात गेलं आणि मुंबईतलं रॉक त्या दिवशी संपलं.

तिसरी घंटा

मी रॉकवाली नाही, नाटकवाली. पण 'मूळ माणूस गेला की काम बंद करा' हे वाचून राहवलं नाही. 'नटसम्राट' १९७० ला आलं तेव्हा बेलवलकर म्हणजे डॉक्टर लागू असं समीकरण झालं होतं. पुढे दत्ता भटांनी केलं, सतीश दुभाषींनी केलं. प्रेक्षक आले, रडले. दत्ता भटांचा बेलवलकर लागूंची नक्कल नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. पाटीवर नाव 'नटसम्राट'च राहिलं, आणि ते बरोबरच होतं.

कऱ्हाडचा बेस

ताई, उदाहरण छान आहे, पण लागू होत नाही. बेलवलकर शिरवाडकरांनी लिहिला. तो लागूंच्या घरातला माणूस नव्हता. नट बदलला तरी दुःख लेखकाचं राहतं. चेस्टर कोणाचं लिहिलेलं दुःख गात नव्हता. लहानपणी झालेला अत्याचार, व्यसन, हे तो स्वतः मुलाखतींत सांगायचा. 'क्रॉलिंग' तो स्वतःच्या अंगावरचं गात होता. ते दुसऱ्या कोणी गायचं म्हणजे कोणाची तरी डायरी स्टेजवर वाचायची.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा धाकटा भाऊ तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि कॉलेज सोडून घरी येऊन बसला होता. खोलीतून बाहेर यायचा नाही. दिवसभर लिंकिन पार्कचा 'मीटिओरा' अल्बम चालू. आई म्हणायची, बंद कर ते किंचाळणं. मी तिला म्हणायचो, असू दे, त्याच्या वतीने कोणीतरी ओरडतंय. जुलै २०१७ मध्ये चेस्टरची बातमी आली तेव्हा त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्याने फोनवर वाचलं आणि जेवायचा थांबला. आज तो बरा आहे, नोकरी करतो, पण हा अल्बम त्याने लावलेला नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "तो माणूस नाही, तर कोणाला ऐकू?" आता तुम्ही मला श्वास पोटातून धरायचं शास्त्र सांगा.

शून्यमनस्क

तिसरी घंटा, दत्ता भट मोठे नट होते यात वाद नाही, पण लागूंच्या पंक्तीला बसवू नका. भटांचा बेलवलकर रडका व्हायचा. लागूंचा शेवटपर्यंत ताठ होता, म्हणून तो कोसळला की थिएटर कोसळायचं.

तिसरी घंटा

रडका? तुम्ही भटांचा प्रयोग प्रत्यक्ष पाहिलाय की दहा मिनिटांची क्लिप पाहून बोलताय? भटांचा बेलवलकर घरातला म्हातारा वाटायचा, आपल्या शेजारी राहणारा. लागू राजा वाटायचे. दोन्ही खरं होतं.

रंगभवन८९

मी लागूंना शिवाजी मंदिरात पाहिलंय. वडिलांनी नेलं होतं, मी लहान होतो. दुसऱ्या अंकात मागच्या रांगेतली एक बाई मोठ्याने रडायला लागली आणि कोणी तिला गप्प केलं नाही. मग घंटाताई म्हणतील, भटांच्या प्रयोगालाही रडल्या असतील. असतील. पण लागूंसारखा आवाज पुन्हा झाला नाही, हे मान्य करायला एवढा त्रास का होतो?

तिसरी घंटा

त्रास मला होत नाही, तुम्हाला होतोय. तुमचं रंगभवन बंद झालं म्हणून रॉक संपलं, लागूंनी सोडलं म्हणून नाटक संपलं. तुम्ही जे तरुणपणी पाहिलं त्यानंतर जगात काही घडूच नये, असं आहे का? माझे वडील बॅकस्टेजला होते. दत्ता भट प्रयोगाआधी विंगेत एकटे उभे राहायचे, कोणाशी बोलायचे नाहीत, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय. त्या माणसाला आल्यागेल्याने 'रडका' म्हणावं, हे मी ऐकून घेणार नाही.

शून्यमनस्क

आल्यागेल्याने? जपून बोला. नाटक तुमच्या वडिलांच्या मालकीचं नव्हतं.

निशिगंध

अहो, थांबा दोघं. धागा एमिलीचा आहे.

कऱ्हाडचा बेस, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. पण डायरीचा मुद्दा अर्धाच खरा आहे. लिंकिन पार्कचं लिखाण एकट्या चेस्टरचं कधीच नव्हतं, माइकचा त्यात बरोबरीचा वाटा होता. तो आजही स्टेजवर आहे. त्याने स्वतःची गाणी गाऊ नयेत का?

मध्यरात्र

कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलते. २०२० मध्ये डॅनी मास्टरसन या अमेरिकन नटाच्या सुनावणीला एमिली त्याच्या बाजूने हजर होती. २०२३ मध्ये तो बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला. बँडमध्ये आल्यावर तिने लिहिलं की त्याला ओळखण्यात चूक झाली, जायला नको होतं. लहानपणच्या अत्याचारावर गाणाऱ्या माणसाची गाणी आता ती गाते, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. आवाज कितीही चांगला असो.

पॉवरकॉर्ड

मध्यरात्र, हा आक्षेप मला गंभीर वाटतो आणि त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. तिने जाहीरपणे चूक मान्य केली, माझ्यासाठी ते पुरेसं आहे. तुमच्यासाठी नसेल तर मी भांडणार नाही.

बेसराव, न्यू ऑर्डर हे एक उदाहरण झालं. दुसरीही आहेत. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला आणि त्यांनी जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन 'बॅक इन ब्लॅक' काढला. ॲलिस इन चेन्सचा गायक लेन स्टेली २००२ ला गेला. ॲलिस इन चेन्सने २००९ मध्ये विल्यम डुव्हॉलला घेऊन त्याच नावाने अल्बम काढला आणि शेवटचं गाणं लेनसाठी केलं. यांना दुकानदार म्हणाल का?

नक्कल करायची असती तर या लोकांनी पुरुष गायक शोधला असता, चेस्टरच्या पट्टीत गाणारा. तो सोपा रस्ता होता. 'ओव्हर ईच अदर'मध्ये तर माइक गातच नाही, गाणं सगळं तिच्यावर सोडलंय. 

कऱ्हाडचा बेस

ॲलिस इन चेन्सचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. त्यांनी लेनसाठी गाणं केलं. 'फ्रॉम झीरो'त चेस्टरसाठी सरळ म्हणता येईल अशी एक ओळ मला तरी सापडली नाही. सात वर्षांनी परत येताय, त्याच नावाने येताय, आणि त्याच्याबद्दल बोलत नाही? मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

निशिगंध

शेवटचं 'गुड थिंग्ज गो' पुन्हा ऐका. त्यात माइकचा भाग येतो तिथे कोण कोणाची माफी मागतंय ते नीट ऐका. नाव घेतलं नाही म्हणजे आठवण नाही असं नसतं.

कऱ्हाडचा बेस

ऐकलं. दोनदा. गाणं चांगलं आहे, अल्बममधलं सगळ्यात चांगलं. तुम्हाला त्यात माफी ऐकू येते, मला एका दमलेल्या माणसाचं सर्वसाधारण दुःख ऐकू येतं. तरी भावाला तेवढं एक पाठवलंय. नावाबद्दलचं मत बदललेलं नाही, बदलणार नाही.

रंगभवन८९

तेच गाणं मीही ऐकलं. सुरुवातीला थोडी हवा आहे, मग पुन्हा भिंत. मिक्स करणाऱ्याला कोणीतरी फेडर (आवाज कमी-जास्त करायची कळ) खाली ओढायला शिकवा.

आणि घंटाताई, तुम्हाला दुखवायचा हेतू नव्हता. पण लागू ते लागूच.

तिसरी घंटा

'रडका' मागे घ्या, मग पुढचं बोलू. शून्यमनस्क, हे तुम्हाला आहे.