अनुभव धागा : बर्टी आणि जीव्हज – आधी वाचले की आधी पाहिले?

आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर १९९० ते १९९३ या काळात दाखवली गेलेली ‘जीव्हज अँड वूस्टर’ ही मालिका चार पर्वांची आणि २३ भागांची आहे. पैसेवाला, मनाने निर्मळ आणि डोक्याने जेमतेम असा बर्टी वूस्टर ह्यू लॉरी यांनी रंगवला आहे, तर त्याला प्रत्येक लफड्यातून सोडवणारा त्याचा खासगी नोकर जीव्हज स्टीफन फ्राय यांनी. इंग्रज विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस यांच्या मूळ कथांची खरी मौज अशी, की जवळजवळ सगळे बर्टीच आपल्याला सांगतो आणि स्वतःची फजिती आपल्याच मासलेवाईक भाषेत रंगवतो. पटकथाकार क्लाइव्ह एक्स्टन यांनी हे निवेदन बाजूला ठेवले. मग बर्टीची ती भाषा पडद्यावर गेली कुठे? कथा आधी वाचलेल्यांचे आणि मालिका आधी पाहिलेल्यांचे उत्तर वेगळे असणार, असा माझा अंदाज आहे. कृपया सविस्तर लिहावे. ‘छान आहे’ एवढ्यावर भागवू नये.

ठाण्याहून, एक निवृत्त बँक कर्मचारी

मी कट्टर वाचकपक्षाचा. महाविद्यालयात असताना ग्रंथालयातल्या पाने सुटलेल्या प्रती वाचून मी बर्टीचा एक चेहरा मनाशी पक्का केला होता, आणि तो मोडू नये म्हणून ही मालिका कित्येक वर्षे कटाक्षाने टाळली. शेवटी मुलाने आग्रहाने बसवले तेव्हा पहिली दहा मिनिटे मी नुसता कुरकुरत होतो, कारण लॉरी यांचा बर्टी मला फारच बावळट वाटला. मग जीव्हज पहिल्यांदा दारात उभा राहतो तो प्रसंग आला. आदल्या रात्रीची न उतरलेला बर्टी दार उघडतो, जीव्हज आवाज न करता आत सरकतो आणि स्वतःच्या पाककृतीचे एक औषधी पेय त्याच्या हातात देतो. ते घशाखाली उतरताना लॉरी यांच्या चेहऱ्यावर आधी भीती, मग यातना आणि अखेर पहाट उगवल्यासारखा आनंद दिसतो. वुडहाउस यांनी ज्यासाठी एक अख्खा परिच्छेद खर्च केला आहे, ते सगळे त्या काही क्षणांत आले होते. धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच, की भाषा चेहऱ्यात गेली. सगळी गेली असे मात्र मी म्हणणार नाही; काही उपमा अजूनही कागदावरच आहेत आणि तिथेच राहोत.

डोंबिवलीहून, एक संगीत शिक्षिका

मी एकही कथा वाचलेली नाही. मला या मालिकेत ओढून आणले ते ॲन डडली यांच्या शीर्षकसंगीताने. त्यातली जॅझची उडती चाल ऐकली की पाय आपोआप ठेका धरतात. पियानोवर बसलेला बर्टी मला इतका खरा वाटण्याचे कारण साधे आहे : लॉरी स्वतः उत्तम पियानोवादक आहेत, त्यामुळे कॅमेऱ्याला त्यांची बोटे लपवावी लागत नाहीत. कॅब कॅलोवे यांचे ‘मिनी द मूचर’ हे गाणे तो वाजवतो आणि ‘हाय-डी-हाय’ची ओळ पाठोपाठ म्हणण्याचा जीव्हजला आग्रह धरतो. जीव्हज म्हणतो, पण शेवटी ‘सर’ जोडल्याशिवाय नाही! त्या एका ‘सर’ने ठेक्याचा पार चुराडा होतो. समेवर येण्यापेक्षा मर्यादा सांभाळणे ज्याला मोलाचे वाटते असा एक विद्यार्थी माझ्याकडेही आहे, त्यामुळे तो प्रसंग मला हसू आवरत पाहावा लागतो.

नागपूरहून

तक्रार नोंदवतो. डालिया मावशी चार पर्वांत चार निरनिराळ्या अभिनेत्रींनी केली आहे. (आत्या की मावशी असा वाद घरात झाला, ती बर्टीच्या वडिलांची बहीण असल्याने आत्याच, हे मला मान्य आहे, पण जीभ वळत नाही.) शिवाय चौथ्या पर्वात जीव्हजला चक्क बाईचा वेश करायला लावला आहे. जो माणूस मालकाचा भडक मोजाही खपवून घेत नाही, तो हे करील?

इंग्लंडमधून, नोकरीनिमित्त स्थायिक

हॅम्पशायरमधला हायक्लेअर कॅसल पाहायला गेलो तेव्हा आमच्या गटातले सगळे तिथेच चित्रित झालेल्या ‘डाउन्टन ॲबी’ या मालिकेची दालने शोधत होते आणि मी एकटा टॉटले टॉवर्स. कथेतल्या सर वॉटकिन बॅसेट यांच्या त्या वाड्याचे चित्रीकरण इथेच झाले होते. गाईच्या आकाराचे चांदीचे दुधाचे भांडे, ज्यात शेपटी धरून ओतले की गाईच्या तोंडातून साय पडते, ते चोरण्यासाठी बर्टीला याच वाड्यात पाठवले जाते. पुस्तकात वाचताना मला ते भांडे तांब्याएवढे वाटले होते. पडद्यावर ते हाताच्या पंज्यात मावेल एवढेच दिसले, आणि एवढ्याशा वस्तूसाठी एवढी पळापळ, हे पाहून हसू दुप्पट झाले. हा एक गुण मी मालिकेच्या पदरात टाकतो.

पुण्याहून

माझ्या आईला इंग्रजी येते, पण बर्टीच्या वेगाचे नाही. म्हणून मी प्रत्येक भाग थांबवत थांबवत तिला मराठीत सांगत असे. जीव्हज हा बटलर नव्हे, कारण बटलर घर सांभाळतो आणि हा एकाच माणसाची उस्तवार करतो, हे सांगितल्यावर तिने ‘हुजऱ्या’ हा शब्द सुचवला आणि लगेच मागे घेतला, कारण हुजऱ्यापुढे मालक असा चळाचळा कापत नाही. खरी अडचण पुढेच होती. जीव्हज बर्टीला ‘आपण’ म्हणणार हे उघड होते, पण बर्टी जीव्हजला काय म्हणेल? मी ‘तू’ धरले. दुसऱ्या भागात आईने मला अडवले : “अगं, ज्याच्यावाचून ह्याचं पान हलत नाही, त्याला हा अरे-तुरे कसा करेल?” मालक आहे, असे मी म्हटले. “मालक कसला! टाय कुठला बांधायचा तेसुद्धा त्यालाच विचारतो.” मग मी ‘तुम्ही’ केले, तर बर्टी गणिताच्या मास्तरांपुढे उभ्या राहिलेल्या मुलासारखा वाटू लागला. इंग्रजीतला एकच ‘यू’ हा सगळा पेच झाकून ठेवतो. शेवटी आम्ही दोघींनी ठरवले, की कपड्यांवरून रुसला की बर्टी ‘तू’ म्हणेल आणि लग्न गळ्यात पडायची वेळ आली की ‘तुम्ही’. त्या हिशेबाने चार पर्वांत ‘तू’ फारच थोड्या वेळा आला.