मदत हवी आहे: हेंड्रिक्सचा पहिला अल्बम, ब्रिटिश मोनो एलपी कशी ओळखायची?

गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा 'आर यू एक्सपीरियन्स्ड' (१९६७) एलपीवर, म्हणजे विनाइल तबकडीवर घ्यायचाय. ब्रिटिश आवृत्ती 'फॉक्सी लेडी'ने सुरू होते. अमेरिकन 'पर्पल हेझ'ने सुरू होते आणि त्यात 'रेड हाउस'च गायब! मला ब्रिटिशच हवी, तीही मोनो (दोन्ही कानांत सारखाच आवाज). स्टिरिओत गिटार या कानातून त्या कानात पळते, डोकं भणभणतं.

अमेरिकन कव्हरवर फिशआय (गोल, फुगीर दिसणारा) फोटो असतो, हे ठाऊक आहे. पण ब्रिटिश कव्हरात स्टिरिओ रीइश्यूही (नंतर पुन्हा काढलेल्या प्रती) विकतात. ऑनलाइन विक्रेत्यांना विचारलं, तर 'ओरिजिनल आहे सर' एवढंच उत्तर. मूळ प्रत परवडणार नाही, रीइश्यू चालेल. सीडी आणि स्ट्रीमिंग कृपया सुचवू नका.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून नेमका कशाचा फोटो मागवू: मागचं कव्हर, लेबल की रनआउटवरचे (गाणी संपल्यावर लेबलाभोवती उरणाऱ्या कोऱ्या पट्ट्यावरचे) आकडे? आणि त्यात काय दिसलं म्हणजे मोनो नक्की?