जलपर्णीचा गॅस : फुकटचा की महागात पडणारा?

नदीकाठचा : ‘पवनेतील जलपर्णी म्हणजे फुकटचे इंधन, तिचा बायोगॅस केला की नदीही आपोआप स्वच्छ होईल,’ हे धागाकर्त्याचे विधान वाचून राहवले नाही. एक टन ओल्या जलपर्णीत सुका पदार्थ जेमतेम ५० ते १०० किलो निघतो, बाकी सारे पाणी. ते पाणी डिझेल जाळून ट्रकने वाहायचे आणि वर त्याला ऊर्जानिर्मिती म्हणायचे?

गोबरगॅसवाला : आपला आक्षेप जाळण्यापुरता ठीक आहे. जर्मनीतील माल्शिन येथे २०१४पासून दलदलीतले गवत जाळून घरे उबदार ठेवतात, तिथे ते वाळवावेच लागते. गॅससाठी मात्र आपण शेणातही पाणी कालवतो. संयंत्र काठावरच उभारले, तर ट्रक हवाच कशाला?

उजनीकर : आमच्या गोबरगॅसमध्ये वडिलांनी हौसेने जलपर्णी टाकली होती. तिच्या फुगीर देठांत हवा असते, त्यामुळे ती तळाशी न जाता वर तरंगली, जाड थर धरला आणि गॅस बंद पडला. बारीक तुकडे करून टाकायला हवी होती, हे खरे. पण ती मजुरी कोण देणार, हे सांगा.

नदीकाठचा : मूळ दुखणे वेगळेच आहे. आमच्या भागात दर उन्हाळ्यात जलपर्णी काढून काठावर ढीग लावतात आणि पहिल्या पावसात निम्मा ढीग पुन्हा नदीत जातो; शिवाय तिला पोसणारे मैलापाणी तसेच सुरू असते, म्हणून ती पुन्हा फोफावते. आता त्यावर कर्ज काढून संयंत्र उभारले, की कर्ज फिटेपर्यंत नदी घाणच राहावी, अशी मालकाची इच्छा असणार.

गोबरगॅसवाला : म्हणजे नाले बंद होईपर्यंत ती काठावर सडू द्यायची? सडतानाही मिथेन निघतोच, फक्त चुलीऐवजी हवेत जातो. जलपर्णी नसेल तेव्हा मंडईतला भाजीपाल्याचा कचरा घालता येतो, हे संयंत्र न पाहिलेल्यांना कोण समजावणार!

उजनीकर : आवाज चढवू नका. कारखान्यांच्या सांडपाण्यातील जड धातू ही वनस्पती शोषून घेते. गॅस निघाल्यावर उरणारा तिचा रबडा, म्हणजे स्लरी, माझ्या उसाला घालणार का?

गोबरगॅसवाला : तपासणीशिवाय घालू नये, एवढे मान्य. आनंद झाला असेल आपल्याला.

नदीकाठचा : झालाच. आता करारात ‘जलपर्णी पुरवण्याची हमी’ हे कलम नसेल आणि मंडईच्या कचऱ्यावर संयंत्र बारा महिने चालेल, असे लिहून द्या. माझा विरोध तेवढ्यापुरता मागे घेतो.