व्यायामाला मन तयार होत नाही तेव्हा

प्रश्न (जळगाव): मेहरूण तलाव घराजवळ असूनही पहाटेचा गजर बंद करून मी पुन्हा झोपतो; उन्हाळ्यात तर सकाळीच ऊन चटकू लागते आणि मला आयते निमित्त मिळते. इच्छा कोठून आणावी?

उत्तर (भुसावळ): इच्छेची वाट पाहू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, आणि २०२० च्या सूचनांत तो सलग दहा मिनिटे असण्याची अटही उरलेली नाही. म्हणून मी केवळ बूट घालून फाटकापर्यंत जायचे ठरवतो, आणि बहुधा पुढे चालतच राहतो.

उत्तर (धुळे): शेजारचे काका दारात येऊन उभे राहिले की मला लाजेने तरी उठावेच लागते. अंगात ताप असल्यास मात्र विश्रांतीच घ्यावी.

प्रश्नकर्ता: आमचे काका माझ्याहून उशिरा उठतात, तेव्हा बूटच उशाशी ठेवतो.